बेमालूम रफू

मावशीचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि महिन्यातून एकदा सही करताना तेवढं ते तिला आठवायचं. एरवी पहिलीतल्या मुलांपासून मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे मुख्याध्यापिकांपर्यंत, सगळ्यांची ती मावशीच. बावीस वर्षं त्या प्राथमिक शाळेत तिने घंटा दिली, फळे पुसले, पाण्याच्या टाक्या घासल्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर स्टूल टाकून पहारा केला. कोणाला उलटी झाली की मावशी, कोणाचा दात पडला की मावशी, तपासणीला साहेब आले आणि फाईल सापडेना की तेव्हाही मावशीच. शिक्षक येत, बदलून जात. मावशी आपली जिथल्या तिथे. शाळा विटांवर नाही, मावशीच्या जिवावर उभी आहे, असं कारकून म्हणायचा, आणि तो काही उगाच कोणाचं कौतुक करणाऱ्यातला नव्हता.

जिन्याखाली तिची खोली होती. खोली कसली, कोनाडाच तो. नीट उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. तिथे झाडू, बादल्या, फिनेलचा डबा आणि एक लाकडी पेटी. पेटीत सुया, शाळेच्या गणवेशाच्या रंगाची रिळं, कात्री आणि डबीभर पांढरी बटणं. मावशीचा नवरा रफूवाला होता. मोठमोठ्या लोकांचे कोट त्याच्याकडे यायचे. खिळ्याला अडकून फाटलेलं असो की निखारा पडून भोक पडलेलं, तो त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचा आणि असं बेमालूम रफू करायचा की मालकालाही फाटलं होतं कुठे ते शोधून सापडू नये. पुढे डोळे अधू झाले, दुकान बंद पडलं, पण तोवर ते कसब मावशीच्या हातात उतरलं होतं.

आणि मावशीचा एक नियम होता. शाळेतलं रडू शाळेतच पुसायचं. कोणतंही मूल फाटक्या शर्टात, शाईचे डाग घेऊन, रडक्या तोंडाने घरी जाता कामा नये. आईबाप दिवसभर राबून येतात, त्यांच्या डोक्याला आणखी ताप कशाला? म्हणून मोठ्या सुट्टीत जिन्याखाली रांग लागायची. मावशी तोंड धुऊन द्यायची, केस विंचरायची, टाका घालायची आणि पाठीवर धपाटा घालून वर्गात पिटाळायची. आता यात वाईट ते काय? कोणीही वाखाणलंच असतं. मोठ्या बाई तर पालकांच्या सभेत दरवर्षी सांगायच्या, आमच्या शाळेतलं मूल सकाळी जसं येतं तसंच संध्याकाळी घरी जातं. मावशी तेव्हा मागे दाराशी उभी राहून पदराआड हसायची.

पिटुकली शाळेत आली ती तिसरीत. हे नाव मावशीनेच ठेवलेलं. आठ वर्षांची पोर, पण दिसायला सहाची. दप्तर पाठीला लावलं की मागून नुसतं दप्तरच चालल्यासारखं दिसायचं. बाप नव्हता. आई दुसऱ्या गावाहून इथे आली होती आणि इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. पोर हुशार होती, अक्षर मोत्यासारखं. फक्त बोलायला लागली की पहिला शब्द घशात अडकायचा. एकदा सुटला की मग सरळ चालायची, पण तो सुटेपर्यंत तिचे ओठ थरथरायचे आणि वर्ग खुदुखुदु हसायचा.

शाळा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा ती पहिल्यांदा जिन्याखाली आली. कॉलर मुठीत धरलेली, वरची दोन बटणं गायब. विचारलं तर म्हणाली, पडले. मावशीने सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं की बाळे, पडल्यावर गुडघे फुटतात, बटणं नाही तुटत. मावशीने बटणं लावून दिली. चार दिवसांनी खिसा उसवून आला. मग पाठीवर शाई. मग पुन्हा बटणं, या खेपेला चार.

हळूहळू एकेक शब्द करत तिने सांगितलं. वर्गात एक मुलगी होती. मावशी तिला मनातल्या मनात सेनापती म्हणायची. वर्गाची मॉनिटर, दोन घट्ट वेण्या, पहिला नंबर, बाईंच्या वह्यांचा गठ्ठा उचलून नेणारी. तिच्यामागे आणखी दोघी. त्यांनी एक खेळ काढला होता. मोठ्या सुट्टीत टाकीमागे पिटुकलीला उभं करायचं आणि एक शब्द म्हणायला लावायचा. शब्द अडकला की एक बटण तोडायचं. बटणं संपली की मग खिसा, मग डबा मोरीत उपडा.

ऐकून मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठली आणि सेनापतीला टाकीमागे गाठून चांगली दमात घेतली. त्या पोरीने डोळे मोठे करून साखरेत घोळलेलं उत्तर दिलं, आम्ही तिला बोलायला शिकवतो मावशी, बाईंनीच सांगितलंय एकमेकींना मदत करा म्हणून. एवढीशी पोर, पण मावशीसारख्या खमक्या बाईची बोलती बंद केली. मग मावशीने वर्गशिक्षिकेच्या कानावर घातलं. तेही कसं, तर घंटेला दोन मिनिटं असताना, व्हरांड्यात, त्यांच्या हातात तपासायच्या वह्या असताना. बाई म्हणाल्या, मुलींची भांडणं हो, आज कट्टी उद्या गट्टी, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. आणि खरं सांगायचं तर मावशीला हायसंच वाटलं. आपण सांगितलं, आपलं काम झालं.

पिटुकलीची एकच विनवणी होती.

"आईला नका सांगू. तिने माझ्यासाठी गाव सोडलं. ती रडायला लागली की थांबतच नाही."

मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. पोरीचा शब्द अडकायचा, मावशीचा मात्र लगेच सुटला.

तेव्हापासून तो रोजचा परिपाठच झाला. सुट्टी संपायच्या दहा मिनिटं आधी पिटुकली जिन्याखाली यायची, शर्ट काढून द्यायची, आतल्या बंडीवर गुडघे पोटाशी घेऊन बादलीवर बसायची आणि मावशीच्या सुईकडे एकटक बघत राहायची. मावशी तिला गोष्ट सांगायची, चिडवायची, हसवायची. शाई असेल तर साबण चोळून काढायची, शिवण उसवली असेल तर नवऱ्याने शिकवल्यासारखा आतून धागा काढून जोडायची. बाहेरून बोट फिरवलं तरी कळू नये. पोर जरा हसून वर्गात गेली की मावशीला वाटायचं, चला, आजचं निभावलं. पोरीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता, आणि ते तोंड दाबणाऱ्यांत आपलाही हात आहे, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या शाळेत दर शनिवारी टापटीप तपासायचे. नखं, केस, गणवेश, बटणं. सलग तीन महिने सगळं नीटनेटकं असलेल्या मुलाला वर्गशिक्षिका कागदाचा पिवळा तारा द्यायच्या. पिटुकलीला असे तीन तारे मिळाले. तिसऱ्या ताऱ्याच्या दिवशी मावशीने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की तुमच्या विद्येला बक्षीस मिळालं हो. म्हातारा खूश झाला. कशाचं कापड, कुठे फाटलं होतं, एवढंच त्याने विचारलं.

मग तो मंगळवार आला. मावशी वर्गावर्गात सूचनेचा कागद फिरवत होती, स्टूल रिकामं होतं. त्या तिघींनी पिटुकलीला स्वच्छतागृहात ढकललं आणि बाहेरून कडी लावली. आतून म्हण, दार उघडा, म्हणजे उघडतो. तिला ते म्हणता येईना. 'द'वरच अडकली. बाहेर हशा. शेवटी पोर नळावर पाय देऊन मधल्या भिंतीवर चढली आणि पलीकडे पडली. उजवा हात कोपरात मोडला. मावशी धावत आली तेव्हा कडी काढलेली होती आणि सेनापती सगळ्यांत पुढे उभी राहून रडत सांगत होती, बघा ना मावशी, ही भिंतीवर चढत होती.

इस्पितळात प्लास्टर घालून झाल्यावर पिटुकलीने आईला सगळं सांगितलं. पहिल्यापासून सगळं. शब्द अडकत होते तरी थांबली नाही. दोन दिवसांनी आई तिला घेऊन शाळेत आली.

मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलापलीकडे मोठ्या बाई, बाजूला वर्गशिक्षिका, अलीकडे आई आणि लेक. आईच्या अंगावर कामावरचेच कपडे, बोटांवर इस्त्रीचे जुने चटके. ती भांडायला आली नव्हती. शांतपणे तिने विचारलं की माझी मुलगी म्हणते, वर्षभर तिची बटणं तोडतात, कपडे फाडतात, शाई टाकतात. हे खरं का? वर्गशिक्षिकेने टापटिपीची वही उघडून पुढे सरकवली; व्हरांड्यातलं मावशीचं बोलणं त्या केव्हाच विसरल्या होत्या. एकही शनिवार चुकलेला नव्हता. तीन तारे. त्या म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या, की ताई, एक फाटलेली शिवण मी हिच्या अंगावर पाहिलेली नाही, तुम्ही पाहिलीत का घरी? आईने वहीकडे पाहिलं. मग लेकीकडे. नाही, तीही म्हणाली. मी कपड्यांतच काम करते, मला दिसलं असतं.

मावशी पाण्याचे पेले घेऊन आली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, मावशींच्या नजरेतून या शाळेत मुंगीसुद्धा सुटत नाही. मावशी, तुम्हीच सांगा, असं काही कधी पाहिलंत?

मावशीने पिटुकलीकडे पाहिलं. पोरीने एकदाच वर बघितलं आणि नजर प्लास्टरवर टाकली. मावशीला वाटलं, ती म्हणतेय, आईला सांगू नका. निदान तसं तिने स्वतःला समजावलं. खरी गोष्ट ही, की ती घाबरली होती. वर्षभर माहीत होतं म्हटलं तर पुढचा प्रश्न काय येणार, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. दोन वर्षांवर निवृत्ती. बावीस वर्षांचं नाव. समोर मोठ्या बाई कौतुकाने बघतायत.

"माझ्या तरी पाहण्यात नाही," मावशी म्हणाली. "मुलं आहेत, खेळतात, पडतात."

आईने वही मिटून परत सरकवली. मग तिने वर्गशिक्षिकेची माफी मागितली, उगाच बोल लावला म्हणून. आणि लेकीकडे वळून हळूच, अगदी थकलेल्या आवाजात विचारलं, "खोटं का गं बोललीस माझ्याशी?"

पिटुकलीने तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द आलाच नाही, आणि या वेळी कोणी हसलं नाही एवढंच. आईने तिचा डावा हात धरला आणि दोघी गेल्या.

मावशी घरी आली आणि चपला न काढताच पायरीवर बसली. म्हाताऱ्याला दिसत कमी होतं, पण बायकोचं बसणं कसं आहे ते त्याला आवाजावरून कळायचं. त्याने विचारलं आणि तिने सगळं भडाभडा ओकलं. तो ऐकत राहिला. त्याला राग आला की तो आवाज चढवत नसे, उलट खाली आणायचा.

"मी तुला रफू शिकवलं," तो म्हणाला. "पण दुकानात कोट आला की मी आधी काय विचारायचो? कशाने फाटला. तेवढं विचारल्याशिवाय मी सुई उचलली नाही कधी. खिळा तसाच ठेवला तर कोट पुन्हा तिथेच फाटणार. तू वर्षभर टाके घातलेस आणि खिळा तसाच ठेवलास."

मावशी म्हणाली, अहो, मी शब्द दिला होता पोरीला. म्हातारा म्हणाला, आठ वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द पाळतेस आणि त्याच पोरीला खोटं पाडतेस, वा. दोघं जेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी घंटेआधीच ती मोठ्या बाईंसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. कोणत्या दिवशी किती बटणं, कोणाकोणाची नावं, टाकीमागचा खेळ, कडी. खोटं बोलले हेही सांगितलं. वरातीमागून घोडं, पण निदान आलं. मोठ्या बाई आधी संतापल्या, मग त्यांनी कागद घेतला आणि लिहायला लागल्या. त्यांना बाकी काही म्हणा, पण कामाला लागल्यावर त्या मागे हटल्या नाहीत. तिघींना एकेकटीला बोलावून विचारलं. तिसरीने पाच मिनिटांत कबूल केलं आणि ढसाढसा रडली. तिला म्हणे रोज भीती वाटायची की पिटुकली नसेल त्या दिवशी आपला नंबर लागेल. आईबापांना बोलावणं गेलं. स्वच्छतागृहांच्या बाहेरच्या कड्या त्याच दुपारी उखडल्या. सुट्टीत टाकीपाशी रोज एका शिक्षकाने उभं राहायचं असं ठरलं. मावशीला लेखी समज मिळाली, ती तिने वाचली आणि सही केली. वर्गशिक्षिका टापटिपीची वही घेऊन बराच वेळ रिकाम्या वर्गात बसून होत्या.

शाळा सुटल्यावर मावशी पिटुकलीच्या घरी गेली. दुसऱ्या मजल्यावर एकच खोली, पण काय नीटस. कपाटातल्या कपड्यांच्या घड्या मोजपट्टी लावल्यासारख्या. पिटुकली खिडकीशी डाव्या हाताने अक्षरं गिरवत होती. तिने मावशीला पाहिलं आणि पुन्हा वहीत मान घातली.

मोठ्या बाईंचा निरोप आईपर्यंत पोहोचला होता. तरी मावशीने सगळं पुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगितलं, उभ्यानेच. माफ करा म्हणाली. आईने कपाटातून गणवेशाचा शर्ट काढला, मांडीवर पसरला आणि खिसा उलटा केला. आतल्या बाजूने शिवणीवर बोट फिरवलं. मग कॉलर. मग बाही. प्रत्येक ठिकाणी जरा थांबत होती. चटके बसलेली बोटं ती, पण आता शोधायचंच म्हटल्यावर त्यांना सगळं सापडत होतं.

"मी दिवसाला चारशे चादरी हाताळते, मावशी," ती म्हणाली. "कुठे उसवली, कुठे ठिगळ आहे, न बघता सांगते. आणि माझ्याच पोरीचा शर्ट मी रोज इस्त्री केला. इतकं छान शिवलंत तुम्ही."

तिने ते शिवी दिल्यासारखं म्हटलं नाही. शिवी दिली असती तर मावशीला सोसलं असतं.

मग आईने सांगितलं की सोमवारपासून दुसरी शाळा. लांब आहे, पण बघू. मावशीने मान हलवली. निघायच्या आधी ती खिडकीशी गेली, पोरीजवळ खाली बसली. गुडघे कुरकुरले. म्हणाली, बाळे, तूच म्हणाली होतीस ना, आईला सांगू नका म्हणून. म्हणून मी... आणि तिचं तिलाच ते ऐकवेना, थांबली.

पिटुकलीने पेन्सिल खाली ठेवली. तोंड उघडलं. शब्द अडकला. मावशी थांबली, आईही थांबली. कोणी तो शब्द तिच्याआधी म्हटला नाही.

"म-मी नको म्हणायचे," पिटुकली म्हणाली. "पण तुम्ही शिवत असताना मी रोज वाट बघायचे. मला वाटायचं, आज तरी मावशी सांगतील."

एवढं बोलून तिने पेन्सिल उचलली आणि पुढचं अक्षर गिरवायला घेतलं. मावशी तशीच खाली बसून राहिली. शेवटी आईनेच तिला हाताला धरून उठवलं आणि जिन्यापर्यंत सोडलं.